दुचाकीचा टायर : निवड आणि निगा

वार्षिकांकात कथा, कविता, प्रवासवर्णन आणि थोरामोठ्यांची चरित्रे यांचा मान पहिला. त्या पंगतीत टायरवरचा लेख घेऊन बसणे म्हणजे लग्नाच्या जेवणाला पाना-पकड घेऊन जाण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. शिवाय मी कला शाखेचा, भूगोलाचा विद्यार्थी. यंत्रशास्त्राची पदवी मजजवळ नाही आणि गॅरेजही नाही. परंतु आपल्यापैकी बहुतेक जण रोज दोन टायरांच्या भरवशावर महाविद्यालयात येतात आणि त्यांच्यावरच घरी परततात. कोणी राहुरीहून येतो, कोणी पारनेर-सुप्याकडून, कोणी करंजीचा घाट उतरून पाथर्डीकडून. अशा मंडळींनी आपण कशावर बसलो आहोत हे एकदा समजून घ्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. तोंडी मात्र अजून 'नगर'च आहे. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा. अकोल्याच्या पावसाळी डोंगरापासून जामखेडच्या कोरड्या माळापर्यंत रस्त्यांचे जेवढे प्रकार असतील तेवढे येथे सापडतात. दुचाकीशी तर नगरचे नाते जुनेच आहे. १९७२ साली बाजारात आलेली 'लुना' ही येथल्या कायनेटिक कारखान्याची. पायडल मारून सुरू होणारी ती छोटी गाडी शिक्षकांपासून पोस्टमनपर्यंत सर्वांच्या दारात होती. त्याच नावाची विजेवरची गाडी २०२४ साली पुन्हा आली. संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्थाही नगरलाच आहे. नव्या वाहनांची कायदेशीर चाचणी घेण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांत तिचा समावेश होतो. म्हणजे रणगाड्यापासून मोपेडपर्यंत चाकांचा विचार करणारी माणसे आपल्या शेजारी राहतात, आणि आपण मात्र टायर घ्यायला गेलो की दुकानदाराला विचारतो, "कोणता मजबूत आहे?"

या प्रश्नातच सारा घोटाळा आहे. टायर मजबूत असतो म्हणून गाडी तोलली जाते, असे आपण धरून चालतो. वस्तुतः टायर वजन पेलत नाही. वजन पेलते ती आतली हवा. टायरचे काम त्या हवेला जागच्या जागी धरून ठेवण्याचे आणि रस्त्याला घासून घेण्याचे. रबराला गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली, तेव्हापासून टिकाऊ रबर होतेच. पण चाकांभोवती नुसते भरीव रबर गुंडाळून माणसाची हाडे काही धक्क्यांतून सुटली नाहीत. हवा भरलेल्या चाकाचे पेटंट १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसनने घेतले, ते लोकांनी विसरून टाकले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच युक्ती पुन्हा शोधली आणि मग जग हवेवर चालू लागले. हा डनलॉप व्यवसायाने गुरांचा डॉक्टर होता. आमच्या घरचे दूध रोज ज्या वस्तूवर स्वार होऊन डेअरीला जाते, ती एका पशुवैद्याने जगासमोर आणली, हे कळल्यावर मला मौज वाटली.

हवा वजन पेलते म्हणजे काय, याचा हिशेब सातवीच्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे. चाकावर पडलेले वजन भागिले हवेचा दाब, बरोबर रस्त्याला टेकलेली जागा. टायरच्या बाजूंचा ताठपणा थोडी मदत करतो, तो तूर्त सोडून देऊ. शंभर सी.सी.च्या साध्या मोटारसायकलवर एक माणूस बसला की मागच्या चाकावर सुमारे १०० किलो भार येतो. अशा गाडीच्या मागच्या टायरमध्ये एकट्यासाठी साधारण २८ पौंड हवा सांगितलेली असते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ २ किलो. शंभराला दोनाने भागले की उत्तर ५० चौरस सेंटिमीटर. तीन काडेपेट्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर जेवढी जागा व्यापतील, तेवढ्या तुकड्यावर मागचे चाक उभे असते. आपला ब्रेक, आपले वळण, आपला जीव, जे काही आहे ते पुढच्या आणि मागच्या अशा दोन तुकड्यांवर.

आता मागे मित्र बसला. मागच्या चाकावरचा भार दीडशेच्या वर, समजा १५५ किलो झाला. हवा तीच ठेवली तर टेकलेली जागा ५० वरून ७८ होते. जागा वाढली, पकड वाढली, बरेच झाले, असे कोणी म्हणेल. पण जागा वाढते ती टायर चेपून. प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. तार हातात घेऊन एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की ती तापते आणि शेवटी तुटते, हे आपण सर्वांनी केलेले आहे. टायरच्या पोटात नायलॉनच्या धाग्यांचे थर असतात. त्यांचीही तीच गत होते. म्हणून गाडीचा कारखाना दोघांसाठी मागे सुमारे ४० पौंड हवा सांगतो. ४० पौंड म्हणजे २.८ किलो, १५५ ला २.८ ने भागा, उत्तर ५५. जागा पुन्हा पन्नाशीच्या जवळ आली. चेनच्या कव्हरवर किंवा मागच्या दांडीवर चिकटवलेल्या त्या कागदावर एकट्याचा आणि दोघांचा असे दोन आकडे का असतात, याचे हे कारण. माझे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. प्रत्येकाने आपल्या गाडीवरचा कागद वाचावा. तो बहुधा चिखलाखाली असतो.

पंक्चरच्या दुकानात हवा 'अंदाजाने' भरली जाते, किंवा टायरला अंगठा दाबून पाहिला जातो. २० पौंडांचा आणि ३० पौंडांचा टायर अंगठ्याला सारखाच लागतो. खिशाला पेनासारखा अडकणारा दाबमापक थोड्या पैशांत मिळतो. हवा मोजायची ती सकाळी, गाडी बाहेर काढण्यापूर्वी, टायर थंड असताना. कारखान्याने दिलेला आकडा थंड टायरचाच असतो.

येथेच नगरी उन्हाळ्यातला एक समज तपासून घेऊ. "मे महिन्यात हवा कमी भर, नाही तर टायर फुटेल," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. हवा तापली की दाब वाढतो हे खरे. परंतु किती? २८ पौंडांच्या टायरमध्ये दर दहा अंशांना साधारण दीड पौंड. सकाळी २५ अंशांवर भरलेला टायर दुपारी तापलेल्या डांबरावर धावून ६० अंशांवर गेला, तरी दाब पाचेक पौंडांनी चढेल. एवढे गृहीत धरूनच टायर बनवलेला असतो. उलट हवा कमी ठेवली तर टायर जास्त वाकतो, जास्त वाकला की जास्त तापतो, आणि ज्या फुटण्याच्या भीतीने हवा कमी केली त्याच फुटण्याला आपण निमंत्रण देतो. पावसाळ्यात पकड मिळावी म्हणून हवा कमी करणारेही आहेत. शेताच्या चिखलातून गाडी काढण्यापुरते ते चालून जाईल. तशाच टायरवर नगर-मनमाड रस्त्याला लागणे बरे नव्हे. नायट्रोजन भरून देतो म्हणणाऱ्यांविषयी एवढेच, की साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

आता निवडीकडे वळू. टायरच्या बाजूवर जे आकडे उठवलेले असतात, ती त्याची जन्मपत्रिका असते, आणि लग्नाआधी पत्रिका पाहणारी आपली माणसे टायर घेताना ती पाहत नाहीत. समजा, त्यावर '२.७५-१८ ४८ पी' असे आहे. पावणेतीन इंच ही टायरची रुंदी; अठरा इंच हा रिमचा व्यास. नव्या पद्धतीत तेच '८०/१००-१८' असे लिहितात : रुंदी ८० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या १०० टक्के, आणि रिम पुन्हा अठरा इंचांचे. 'पी' हे अक्षर वेगाचे; हा टायर ताशी १५० किलोमीटरपर्यंत चालेल असे ते सांगते. शंभर सी.सी.च्या गाडीला तो वेग स्वप्नातही गाठायचा नाही, म्हणून त्याची चिंता नको. चिंता करायची ती मधल्या आकड्याची, ४८ची. हा आकडा किलोंचा नव्हे. तो एका तक्त्यातला क्रमांक आहे आणि त्याचा अर्थ टायर पूर्ण हवेवर जास्तीत जास्त किती वजन धरील असा होतो. ४२ म्हणजे १५० किलो, ४७ म्हणजे १७५, ४८ म्हणजे १८० आणि ५४ म्हणजे २१२ किलो. गंमत अशी, की एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, दिसायला भावाभावांसारखे दोन टायर दुकानात शेजारी टांगलेले असतात. एकावर ४२ असतो, दुसऱ्यावर ४८. पहिला पुढच्या चाकासाठी केलेला, दुसरा मागच्या. पुढचा थोडा स्वस्त असतो. तो मागे बसतोही. आणि तेथेच गफलत होते.

ही गफलत पुस्तकी नाही. आमच्याकडे राहुरी तालुक्यात दुधाचा धंदा मोठा. पूर्वी दूधवाल्यांची गाडी म्हणजे 'राजदूत'. १९८५ नंतर शंभर सी.सी.च्या चारटप्पी गाड्या आल्या आणि कमी पेट्रोलच्या जोरावर त्यांनी राजदूतला बाजूला सारले. राजदूतचे अंग जाड होते, या गाड्या चणीने हलक्या. कॅन मात्र तेवढेच राहिले. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या एका दूधवाल्याचा मागचा टायर विळदच्या घाटात दोन भरल्या कॅनसह फुटला. खांद्याजवळचे हाड मोडले. तीन महिने त्यांना गाडीवर बसता आले नाही आणि त्यांचे रतीब दुसऱ्याने नेले. फुटलेला टायर नंतर मी पाहिला. नक्षी भरपूर शिल्लक होती, टायर जुनाही नव्हता. बाजूवर आकडा होता ४२.

माझे वडील, अण्णा, हेही रोज सकाळी दूध घालतात. म्हणून त्या दिवशी मी वही घेऊन आमच्याच गाडीचा हिशेब मांडला. नुसत्या गाडीचे मागच्या चाकावर येते ते सुमारे ६० किलो. अण्णांच्या वजनापैकी मागे येणारे ४०. चाळीस लिटरचे दोन कॅन. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून दूधच ८२ किलो. रिकामे कॅन आणि ते अडकवायचा लोखंडी सांगाडा मिळून आणखी वीस-बावीस. कॅन मागच्या चाकाच्या अगदी वर लटकतात, त्यामुळे त्यांचे जवळजवळ सारे वजन त्याच चाकावर. बेरीज दोनशेच्या वर गेली. टायर होता ४८ चा, म्हणजे १८० किलोंचा. कागद अण्णांपुढे ठेवला. ते म्हणाले, "इतकी वर्षं नेतोय, काही झालंय का?" मग थोडा वेळ थांबून, "बरं, त्या टायरवाल्याकडं जाऊ रविवारी."

दुकानात अण्णांनी बटणाच्या टायरला हात लावला. जाड ठोकळ्यांच्या नक्षीला आपल्याकडे 'बटण' म्हणतात आणि ग्रामीण भागात मजबुतीचे ते लक्षण समजले जाते. मी त्याची बाजू वाचली, आकडा ४८च. शेजारी ८०/१००-१८ मापाचा, साध्या नक्षीचा टायर होता; आकडा ५४. त्याच गाडीच्या नव्या आवृत्तीला कारखाना हेच माप देतो, तेव्हा आमच्या रिमवर तो बसणार हे दुकानदारानेही मान्य केले. किमतीत फरक होता तो दूधवाल्याच्या एखाद्या सकाळच्या कमाईपेक्षा कमी. तो घेतला. सोबत नवी ट्यूब घेतली, कारण जुनी ट्यूब ताणून सैल झालेली असते आणि नव्या टायरमध्ये तिला घडी पडते. प्रश्न मात्र येथे संपला नाही. टायर २१२ किलोंचा झाला म्हणून गाडी झाली असे नाही. शंभर सी.सी.च्या गाड्यांना माणसासह एकूण ओझे १३० किलोंच्या आसपासच सांगितलेले असते. त्यापलीकडचा भार स्पोक, रिम, मागचे दोन शॉक-अब्सॉर्बर आणि ब्रेक उचलतात आणि त्यांच्या अंगावर आकडे छापलेले नसतात. मी तीस लिटरचे कॅन सुचवले. अण्णा म्हणाले, "उरलेलं दूध घरी ठेवून काय करू? दोन खेपांत डेअरीची गाडी निघून जाते." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. सध्या उन्हाळ्यात दूध कमी असते तेव्हा तिशीचे कॅन जातात, थंडीत चाळिशीचे. हवा मात्र रोज सकाळी मी मोजतो.

नक्षीविषयी थोडे. पुढच्या टायरला लांब रेघा असतात, कारण त्याचे मुख्य काम दिशा धरणे. मागच्याला ठोकळे असतात, कारण त्याला रस्ता मागे ढकलायचा असतो. या रेघा पकड देतात असा समज आहे; कोरड्या डांबरावर खरे तर नक्षीची फारशी गरज नसते. ती लागते पावसात, पाण्याला निसटून जायला वाट देण्यासाठी. बटणाचा टायर मातीत उत्तम, कारण ठोकळे मातीत रुततात. पण सिमेंटच्या रस्त्यावर तेच ठोकळे वळणात हलतात, आवाज करतात आणि लवकर झिजतात. ज्याचे घर वस्तीवर आहे आणि रोज दोन किलोमीटर पाणंद तुडवावी लागते, त्याने मागे मध्यम ठोकळ्यांचा घ्यावा. ज्याचा सारा प्रवास डांबरी रस्त्याचा, त्याने बटणाचा मोह धरू नये. आपल्या काळ्या मातीपुढे मात्र कोणतीच नक्षी टिकत नाही. दोन सरी पडल्या की ती माती टायरला चिकटून मडगार्डमध्ये अशी गच्च बसते, की चाकच फिरेनासे होते. मग काडीने चिखल उकरत बसावे लागते. तेथे उपाय टायरचा नसून, डांबरापर्यंत गाडी ढकलण्याचा आहे.

याच मातीचा दुसरा अवतार गळीत हंगामात भेटतो. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून हा जिल्हा उसाचा झाला. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला ओला चिखल डांबरावर येतो, वर उसाची पडलेली कांडी आणि पाचट चिरडले जाते. सकाळच्या दवात हा थर साबणासारखा होतो. कोल्हार-लोणीच्या बाजूने येणाऱ्या मित्रांनी अशा जागी ब्रेक आधीच, सरळ रेषेत, दोन्ही मिळून आणि हळू दाबावेत. वळणात दाबले तर त्या तीन काडेपेट्या काही करू शकत नाहीत.

बाभळीचा काटा हा आपला खास शत्रू. शेताच्या बांधावर बोरी-बाभळीच्या फांद्यांचे कुंपण असते, रस्त्याकडेला वेडी बाभूळ माजलेली असते आणि तिचा वाळलेला काटा खिळ्याला हार जाणार नाही. ट्यूबच्या टायरमध्ये काटा ट्यूबला लागला की हवा झपाट्याने जाते. ट्यूबलेस टायरमध्ये काटा तसाच रुतून बसतो, रबर त्याला धरून ठेवते आणि हवा हळूहळू उतरते. आपण दुकानापर्यंत पोचतो. आपल्या भागात ट्यूबलेसचा खरा फायदा हा. पण त्याला अखंड, हवा न सोडणारे रिम लागते. साध्या स्पोकच्या रिमला स्पोकांच्या भोकांतून हवा जाते, म्हणून तेथे ट्यूब घालणे भागच. ट्यूबलेसला बाहेरून चिकट रबराची वात खुपसून भोक बुजवतात. ते पाच मिनिटांचे काम. मात्र टायरच्या बाजूला भोक पडले असेल तर तेथे वात टिकत नाही, टायर बदलावा.

ट्यूबचे पंक्चर काढताना एक गोष्ट आपण स्वतः उभे राहून करून घ्यावी. ठिगळ लावून झाले की टायरच्या आतून सुती फडके फिरवावे. काट्याचे मोडलेले टोक रबरात दडलेले असते. बोटाला ते लागत नाही, फडक्याचा धागा मात्र त्यात अडकतो. एकाच आठवड्यात तीन पंक्चर झाले म्हणून ट्यूबला नावे ठेवणाऱ्यांच्या टायरमध्ये बहुधा एकच काटा असतो. आणि हवा गेल्यावर, "दुकान जवळच आहे" म्हणून गाडीवर बसून जाऊ नये. रिम आणि रस्ता यांच्यात सापडून ट्यूब फाटतेच, शिवाय टायरच्या बाजूतले धागे तुटतात. ते बाहेरून दिसत नाही. दिसते ते महिनाभराने, फुगवट्याच्या रूपाने. ट्यूबची नळी रिममधून तिरकी बाहेर आलेली दिसली तर समजावे की कमी हवेमुळे टायर रिमवर सरकतो आहे. तशीच चालवली तर नळी मुळातून उपटते.

टायर अवेळी झिजण्याची कारणे बरेचदा टायरच्या बाहेर असतात. चेन ताणताना मागच्या चाकाचे दोन्ही बाजूंचे नट सारखे सरकवले नाहीत, तर चाक तिरके बसते आणि टायर एका अंगाने खाल्ला जातो. दांडीवर दोन्हीकडे खुणा असतात त्या जुळवाव्यात. चेनला खालच्या बाजूने बोट लावून वर-खाली हलवले तर साधारण अडीच-तीन सेंटिमीटर खेळ असावा. फार ताठ चेन बेअरिंग खाते, फार सैल चेन दात्यांवरून उडते. तिला गाडीतून काढलेले काळे ऑइल लावण्याची पद्धत आहे, ती सोडावी. त्यात धातूचा चुरा असतो. ९० नंबरचे गिअर ऑइल बरे, तेही आधी पुसून. स्पोक बोटाने वाजवून पाहावेत. जो बद्द वाजतो तो सैल. सायकलच्या दुकानातल्या मिस्तरींकडून वेळीच चाकाचा आऊट काढून घेतला तर पुष्कळ खर्च वाचतो. मधले स्टँड लावून पुढचे चाक आडवे हलवावे. खटखट आली तर बेअरिंग गेले. इंजिनाचे ऑइल आणि हवेची जाळी यांविषयी गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असतेच. आपल्याकडची धूळ पाहता जाळी मात्र सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्यातच झटकावी. धुलाई केंद्रावर टायरला काळे पॉलिश लावून देतात. बाजूला लावले तर शोभा, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला लागले तर घसरगुंडी.

वर्गमित्रांपैकी काही जण छोट्या गाडीला मागे जाडजूड टायर बसवून येतात. दिसते झोकदार, यात वाद नाही. पण अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की तो दोन्ही बाजूंनी आवळला जातो, मधोमध फुगतो आणि टेकतो तो नेमका मधला पट्टा. म्हणजे पैसे रुंदीचे मोजले आणि वापर अरुंदाचाच. पेट्रोल जास्त जाते ते निराळे. एखादे माप वर जायचे तर गाडीचे पुस्तक आणि रिमची रुंदी पाहून जावे.

टायर टाकायचा कधी? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९४ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे दुचाकीच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. ही शेवटची मर्यादा. पावसाळ्यात त्याआधीच बदललेला चांगला. मोजपट्टीची गरज नाही. टायरच्या बाजूला लहान त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत रबराचा बारीकसा उंचवटा असतो. टायर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आला, की त्याचे आयुष्य संपले. वय पाहायचे तर लंबगोलात चार आकडे शोधावेत : '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात 'नवा' म्हणून मिळणारा टायर कधी कधी दुकानातच चार पावसाळे काढून बसलेला असतो. रबर न वापरताही म्हातारे होते. बाजूला केसासारख्या भेगा दिसल्या तर नक्षी कितीही खोल असो, तो घेऊ नये. पाच-सहा वर्षांनंतर घरचा टायरही दर वर्षी नीट तपासून घ्यावा. बाजूवर आय.एस.आय.ची खूणही पाहावी. नवा टायर बसवल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर त्याच्या अंगावर गुळगुळीत चकाकी असते. तेवढे दिवस वळणावर घाई नको.

यंत्रांच्या गोष्टीत माणसे मोजणे मला आवडत नाही, परंतु एक आकडा सांगितल्यावाचून राहवत नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतली ७४ हजार ८९७ दुचाकीवरची होती. त्यांपैकी किती जणांचे टायर खराब होते हे त्या आकड्यात नाही, आणि मीही टायरवर सारे खापर फोडत नाही. वेग, दारू, नसलेले हेल्मेट, खड्डे, उसाच्या ट्रॉलीला नसलेला मागचा दिवा, ही कारणे मोठीच आहेत. त्यांतली निम्मी आपल्या हातात नाहीत. सकाळची हवा आहे.

चालत्या गाडीत मागची हवा एकदम गेली, तर शेपूट हलवावी तशी गाडी मागून हलू लागते. त्या क्षणी मागचा ब्रेक दाबण्याची इच्छा होते, ती आवरावी. ॲक्सिलरेटर हळू सोडावा, हँडल घट्ट पण सरळ धरावे, पुढचा ब्रेक अगदी हलका लावावा आणि गाडी आपोआप मंदावू द्यावी. पुढची हवा गेली असेल तर याच्या उलट, पुढच्या ब्रेकला हात लावू नये, मागचाच हळू दाबावा. मागे बसलेल्याने अशा वेळी पाय खाली टेकवू नयेत, हे त्याला आधीच सांगून ठेवावे. तेव्हा सांगायला वेळ नसतो.

राहता राहिला जुना टायर. गुळगुळीत झालेला, आपल्याकडे ज्याला 'गोटा' म्हणतात असा टायर भंगारात दिला, की त्याच्यावर गरम पातीने पुन्हा नक्षी कोरून तो विकणारे लोक आहेत. खोल दिसणाऱ्या त्या खाचा थेट धाग्यांपर्यंत पोचलेल्या असतात. वर नवे रबर चढवलेले दुचाकीचे टायरही स्वस्तात मिळतात. घाटातून जाणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. शंका आली तर खाचेच्या तळाशी तो उंचवटा शोधावा. कोरलेल्या टायरमध्ये तो सापडत नाही. आम्ही आमचा जुना टायर भंगारवाल्याला दिला नाही. गोठ्यामागे मुरघासाच्या खड्ड्यावर प्लॅस्टिकचा कागद पसरलेला आहे, तो वाऱ्याने उडू नये म्हणून वर जुने टायर ठेवतात. तेथे तो आता बसला आहे. त्याच्यावर आता मुरघासाचा कागद धरून ठेवण्याएवढाच भार आहे.